बाबांच्या पायावरची काव

काजूचा मोसम आमच्या घरात नाकाला कळायच्या आधी पायांना कळायचा. गोव्यात पाळीच्या अंगाला आमच्या गावचा जो डोंगर, त्याचा अर्धा भाग खाणीने खाल्लेला आणि अर्धा अजून काजूंचा. एका बाजूने दिवसभर ट्रकांची घरघर, दुसऱ्या बाजूला आमची भाटी. भाटी म्हणजे बोंडांच्या रसाची दारू गाळायची जागा: वर झावळांचा मांडव, चुलीवर मोठ्या पोटाचे भांडे, आणि शेजारी खडकातच कोरलेली उथळ टाकी, तिला आम्ही कोळमी म्हणायचो. झाडाखाली पडलेली बोंडे गोळा करायची, बी मुरगळून वेगळी काढायची आणि बोंडे कोळमीत टाकून अनवाणी पायांनी मळायची. मळायचे काम बाबांचे. लुंगी गुडघ्यावर बांधून, मांडवाच्या वाशाला धरून ते तासन्‌तास त्या पिवळ्या-लाल चिखलात पाय मारत राहायचे आणि तोंडाने अभंग चालू असायचा. अभंगाची चाल जशी असेल तशी बोंडे मळली जायची, आणि चाल संथ झाली की आई लांबूनच ओरडायची, "देव पावलो, आतां पांय हालयात!"

बोंडाचा रस गोड लागतो, पण कातड्याला तो गोड नसतो. पाय आधी काळपट पडतात, मग कातडे आकसते, मग टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांत चिरा पडतात. बीच्या टरफलातले तेल त्याहून वाईट. ते लागले की आधी जळजळते, मग खाज सुटते, बारीक फोड येतात आणि शेवटी सालपटे निघतात. शिमग्यापासून आईच्या बोटांना साल टिकत नसे. बी काढायला बसताना ती आणि मी हातांना खोबरेल चोपडायचो, तरी संध्याकाळी भात कालवताना मिठाने हात चुरचुरायचे आणि मी चमच्याने, म्हणजे आमच्याकडच्या बोलीत कुलेराने, जेवायला बघायचे. आई म्हणायची, साहेबीण झाली. पण याला आजार म्हणायची कुणाची पद्धत नव्हती. उन्हाळ्यात केसतूड उठायचे, त्यावर भाजलेला कांदा आणि हळद बांधायची. पावसात बोटांत चिखल्या व्हायच्या, त्यावर मेंदी. आणि काजूच्या दिवसांत 'तेल उठले' म्हणायचे आणि खाजवत बसायचे. मोसम संपला की कातडेही नवे येई.

मी पुढे परिचारिका झाले आणि नोकरीतली बहुतेक वर्षे आरोग्य केंद्रांच्या व्हरांड्यात माणसांचे हातपाय बघण्यात गेली. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली असली तरी शेजारच्या मुली मोबाइलवर फोटो पाठवतात: मावशी, हे काय आहे बघा. फोटोत सगळेच लाल दिसते. मी उलट विचारते, खाजते की ठणकते? दोन्हीकडे आहे की एकाच बाजूला? हात लावल्यावर गरम लागते का? ताप आहे का? खाजणारे, दोन्ही हातापायांवर आलेले, जिथे काही लागले तिथेच उठलेले असेल तर बहुधा त्या वस्तूशी वैर असते. ती वस्तू सोडली की निम्मे काम होते. मुलांच्या नाकाखाली मधाच्या रंगाची खपली दिसली की तो जंतू, एकाचा दुसऱ्याला लागणारा, तिथे साबण, पाणी, वेगळा टॉवेल आणि डॉक्टरांचे मलम. आणि एकच पाय, ठणकणारा, तुकतुकीत, तापलेला आणि अंगात हीव, असे कुणी सांगितले की मी पुढचे ऐकत नाही, रिक्षा बोलवायला सांगते. मुलींना वाटते मी उगाच घाबरवते. खरे तर मीच घाबरलेली असते, आणि त्याचे कारण त्या वर्षीचा मोसम आहे.

ते वर्ष आमच्याकडे भाषेचे होते. घरात आम्ही बोलायचो कोंकणी, देवळात कीर्तन मराठी, बाबांचे अभंग मराठी, शाळेचे पहिले पुस्तक मराठी. यातले काही कुणाच्या आड येत नव्हते. मग राजभाषा कुठली यावरून अख्खा गोवा पेटला आणि आमच्या गावात मराठीच्या बाजूने भिंती रंगल्या. रंग म्हणजे काव. खाणीखालच्या ओहळात जो तांबडा गाळ बसायचा, तो कापडातून गाळून घेतला की बाजारातल्या कावेहून सरस. गावातल्या पोरांनी बाल्दीच्या बाल्दी भरून काव कालवली आणि रात्रीतून घोषणा लिहिल्या. उरलेली बाल्दी ठेवायला जागा कुठे, तर बाबांची भाटी. बाबा मराठीवाले, त्यामुळे त्यांनी ती मोठ्या अभिमानाने कोपऱ्यात ठेवून घेतली. पुढे कायदा होऊन कोंकणी राजभाषा झाली, बाबा बरेच दिवस रुसल्यासारखे वागले, आणि त्यांना समजवायला कुणी आले की ते अस्सल कोंकणीत शिव्या घालायचे. बाल्दी तशीच राहिली. कुणी तरी त्यात पाणी घालत असे म्हणून ती कधी वाळलीही नाही.

पाणी घालणारी आमची आते. बाबांची ही थोरली बहीण पेडण्यात केरीला दिलेली होती. नवरा गेल्यापासून काजूच्या मोसमाला आमच्याकडे यायची. येताना सुके बांगडे, सुकी सुंगटे म्हणजे कोळंबी, आणि औषधे घेऊन यायची. ओले खोबरे घालून सुंगटांची किसमूर ती अशी करायची की पेजेची दुसरी वाटी मागितली नाही असे व्हायचे नाही. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजला की उंडे पाव घ्यायला तीच पुढे, आणि चहात बुडवलेला पहिला तुकडा बाबांच्या हातात. आजी लवकर गेली होती, बाबांना आतेने कडेवर वाढवलेले. त्यामुळे पन्नाशीच्या बाबांनाही ती 'गुणा, केंस पूस, गुणा, वाऱ्यार बसूं नाका' असे करायची आणि गावात दरारा असलेले आमचे गुणाजी गुमान ऐकायचे. औषधांच्या बाबतीत तर तिचा शब्द शेवटचा. ती वाईट वैद्य होती असेही नाही. पिकलेले केसतूड कधी फोडायचे नाही, आपसूक फुटू द्यायचे, हे मी आधी तिच्याकडूनच शिकले, पुस्तकातून नंतर.

मोसम सरत आला होता. बोंडे उतरणीला लागलेली, आभाळ दुपारनंतर भरून यायचे, आणि खाणीचे ट्रक पावसाआधी माल नदीकाठी पोचवायच्या घाईत वेड्यासारखे धावायचे. एका सकाळी बाबा कोळमीत उतरले आणि लगेच बाहेर आले. अभंग सुरूही झाला नव्हता. उजव्या पायाच्या करंगळीशेजारची चीर ओली दिसत होती आणि घोट्यावर हाताच्या पंजाएवढा लाल पट्टा. "तेल उठलां," म्हणाले आणि मांडवात बसून राहिले. मी बघितले. तेल उठते ते दोन्ही पायांना, आणि माणूस खाजवत बसतो. बाबा खाजवत नव्हते. आमचे मांजर जवळून गेले तरी पाय आकसून घेत होते. पण तेव्हा मला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता, तेवढेच दिसले.

आतेला मात्र ठाऊक होता. तिने लांबूनच ओळखले. "तें तेल न्हय. धांवरें तें. आमच्या केरयां कितलीं पळयल्यांत. काव लाय गुणा, वयर चडचें ना." धावरे म्हणजे कातड्याखालून धावत जाणारी सूज, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत. धावऱ्याला काव लावायची, काव थंड असते, ती धावऱ्याची वाट अडवते, हेही सगळ्यांना माहीत. आणि काव तर घरात बाल्दीभर. बाबांनी स्वतःच्या हाताने घोट्यापासून पोटरीपर्यंत जाड थर दिला आणि मला डोळा मारून म्हणाले, "राजभाशेक ना पावली, म्हाका पावतली." आम्ही हसलो. आतेचे निदान बरोबर होते, हे मी आज शपथेवर सांगीन. आमच्या दाराशी आलेल्या त्या आजाराला तिने सगळ्यांच्या आधी नावाने ओळखले. चुकले ते पुढचे.

संध्याकाळी बाबांना हीव भरले. मे महिन्याच्या उकाड्यात दोन गोधड्या घेऊन दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने मला आरोग्य केंद्रात पिटाळले आणि मी तिथल्या डॉक्टरांना घेऊन आले. बेळगावकडचे तरुण डॉक्टर, बदलीवर नवीनच आलेले, आमची कोंकणी त्यांना अर्धी कळायची आणि त्यांचे बेळगावी मराठी आम्हाला पूर्ण कळायचे. त्यांनी आल्याआल्या कोमट पाणी मागितले आणि सगळी काव धुऊन काढली. खाली पाय लाल होता, पोटरीच्या मध्यापर्यंत. त्यांनी बोटाने दाबून बघितले, जांघेत गाठ चाचपली, बोटांच्या बेचक्यांतली चीर बघितली. "जंतू हितनं आत शिरलेत," ते म्हणाले. "रोज पाय भिजणार, कातडं फुटणार, मग दार उघडंच की त्यांना." इंजेक्शन दिले, गोळ्या दिल्या, पाय उशीवर उंच ठेवायला सांगितले. मग खिशातले निळे पेन काढून लालीच्या कडेकडेने पायावर रेघ ओढली, नकाशात देशाची हद्द दाखवतात तशी. बाबांना गुदगुल्या झाल्या तरी हसले नाहीत.

"ही रेघ बघून ठेव," डॉक्टर मला म्हणाले. "लाली रेघेच्या आत राहिली तर औषध लागू पडतंय. पलीकडं गेली, नाहीतर फोड आला, तर माझी वाट बघायची नाही, थेट म्हापशाच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं. आणि पायाला काही लावायचं नाही. काव नाही, हळद नाही, काही म्हणता काही नाही. मला ती लाली दिसायला पाहिजे." आते दारात उभी होती. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. मला वाटले पटले.

भाटीवर आंबलेला रस थांबत नाही. वेळेवर चुलीवर चढवला नाही तर वाया जातो, आणि त्या रसावर आमचे पावसाळ्याचे घर चालायचे. त्यामुळे आई आणि मी दिवसभर भाटीवर. मी मधेच येऊन रेघ बघून गेले. लाली काठाला टेकलेली होती, ओलांडलेली नव्हती. नंतर पुन्हा आले तेव्हा जेवणवेळ उलटून गेली होती. खोलीत शिरले तर बाबांचा पाय पुन्हा तांबडा. घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत काव, या वेळी तर दुप्पट जाड. रेघ कुठेच नाही. आते उशाशी बसून वारा घालत होती.

"आते, हें कितें केलें?"

"ताणेंच लायलें. पांय जळटा म्हणूं लागलो. दोतोराची सुय घेतली न्ही, आतां भायल्यान काव. दोगांय मेळून बरें करतलीं."

तिच्या बोलण्यात कपट नव्हते. तिला खरेच वाटत होते की डॉक्टर आतून आणि आपण बाहेरून, असे दोन बाजूंनी धावऱ्याला कोंडीत पकडले आहे. बाबा डोळे मिटून होते. मी हाक मारली तर म्हणाले, "बोंडां मळून जालीं?" आणि कुणाशी तरी अभंगाच्या चालीवर बडबडू लागले. कपाळाला हात लावला तर चटका. पायाकडे बघितले. लाल होता, पण कावच लाल. खालचे काय ते कसे कळणार? त्या तांबड्या थराखाली लाली कुठवर पोचली हे खुद्द ब्रह्मदेवालाही सांगता आले नसते. मग दिसले की वाळलेल्या कावेला तडे गेले आहेत. ओहळ आटल्यावर चिखलाला जातात तसे, पण नडगीवर बारीक आणि मांडीकडे रुंद. काव आपोआप एवढी फाटत नाही. खालचा पाय फुगत होता.

मी न्हाणीतून कोमट पाण्याची बाल्दी आणली आणि धुवायला घेतले. बाबा ओरडले. घरात बाबांच्या मनाविरुद्ध कुणी पाणीही ओतत नसे, आणि मी सतरा वर्षांची मुलगी त्यांचा पाय धरून बसले होते. आते म्हणाली, "शेवू, सोड ताका, थंड जाता तें काडूं नाका." मी म्हटले, "आते, एक उतर उलयलें जाल्यार हें उदक तुज्या माथ्यार ओततलें." हे वाक्य तोंडातून कसे आले मला माहीत नाही. त्या बाईने मला न्हाऊमाखू घातलेले. पण मला तिचा इतका राग आला होता की मी तिच्याकडे न बघता पाणी ओतत राहिले. पाणी लाल झाले, बदलले, पुन्हा लाल झाले, आणि हळूहळू कातडे दिसू लागले. निळी रेघ पुसट झाली होती पण होती. पोटरीच्या मध्यावर ती बिचारी कुठल्या तरी जुन्या गावाच्या वेशीसारखी मागे राहिली होती. लाली गुडघा ओलांडून मांडीवर चढली होती, कातडे तुकतुकीत ताणलेले, आणि घोट्याजवळ जांभळट पाण्याचा फोड.

मी भाटीकडे तोंड करून आईला हाक मारली. आई आली, पाय बघितला, बाबांच्या तोंडाकडे बघितले. चुलीवर भांडे उकळत होते. तिने ते तसेच सोडले. "शेवू, रस्त्यार वच. मेळटा तो ट्रक आडाय. आडवी पड जाय जाल्यार." आडवे पडावे लागले नाही. मी हात पसरून उभी राहिले आणि खाणीकडे रिकामा परतणारा पहिलाच ट्रक करकचून थांबला. चालवणारा कोल्हापूरकडचा, तानाजी नाव, भाटीवर कधीमधी नीरो प्यायला यायचा, म्हणजे बोंडांचा ताजा रस. तो शिव्या देत खाली उतरला आणि माझे तोंड बघून माझ्यामागून घराकडे धावला. त्याने आणि आईने बाबांना उचलून केबिनमध्ये घेतले. "काकी, पाय हितं वर घ्या, मांडीवर. खाली इंजान तापतंय. तुमी दोगी आत, आत्या तुमी मागं बसता का?" आते मागे हौद्यात चढली. खनिजाच्या धुळीत, फळीला धरून, ती म्हापशापर्यंत उभी होती. उतरली तेव्हा डोक्यापासून पायापर्यंत तांबडी झाली होती. तानाजीला वाटेत मुकादम आडवा आला आणि ट्रक कुठे नेतोस म्हणून ओरडला. तो नुसता म्हणाला, "मानूस हाय आत." आणि थांबला नाही.

इस्पितळात बाबांना लगेच आत घेतले. शिरेतून औषध सुरू झाले, फोडातले पाणी काढले, मांडीवर लालीच्या कडेने नवीन रेघ ओढली गेली. मोठे डॉक्टर आईला बाजूला घेऊन बोलले. मी ऐकत होते. विष रक्तात गेले आहे, जीव वाचवायची खटपट चालली आहे. औषधाने लाली या रेघेवर थांबली तर ठीक, नाही थांबली आणि आतले मांस काळे पडले, तर पाय कापावा लागेल. आई म्हणाली, "बरें." एवढेच. मग बाकावर येऊन बसली आणि काजूच्या तेलाने सोललेले हात मांडीवर उताणे ठेवले. तिला त्या हातांचे काय करावे ते कळत नव्हते. घरी ते कधी रिकामे नसत. आते आमच्या बाकावर आली नाही. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली, तोंडही न धुता, आणि आत जाणाऱ्या प्रत्येक परिचारिकेकडे बघत राहिली. मला तिची दया यायला हवी होती. आली नाही. मी मनातल्या मनात तिला म्हणत होते, पाय गेला तर तुला केरीला पाठवून देईन आणि पुन्हा उंबऱ्यात घेणार नाही.

पुढचे दिवस रेघेचे होते. डॉक्टर येत, चादर बाजूला करत, रेघ बघत, जात. चेहऱ्यावरून काही कळत नसे. एक परिचारिका होती, बोलायला फटकळ, तिने मला बघायला शिकवले: लाली पुढे सरकली का हे बघच, पण कडा बघ, कडा धारदार आहे की मऊ पडते आहे, कातडे ताणलेले आहे की सुरकुतते आहे, दाबल्यावर बाबा ओरडतात की नुसते तोंड वाकडे करतात. मी दिवसातून कितीदा तरी बघायचे. एका सकाळी शहरात फटाके वाजू लागले आणि इस्पितळाची सगळी जनेले, म्हणजे खिडक्या, माणसांनी भरली. वॉर्डातल्या कुणाच्या तरी नातेवाइकाने पेढे वाटले. बाबांनी डोळे उघडले. "कितें जालें गो?" त्यांनी विचारले. मी म्हटले, "घटक राज्य जालें बाबा. गोव्याक आतां आपलें राज्य." ते म्हणाले, "आनी मराठी?" शेजारच्या खाटेवरचा म्हातारा हसता हसता खोकू लागला. बाबा शुद्धीत येऊन पहिल्यांदा सरळ बोलले ते हे. मी चादर बाजूला केली. मांडीवर, रेघेच्या आत, बोटभर रुंद पट्टा फिका पडला होता आणि कातड्यावर सुरकुत्या आल्या होत्या, पाण्यात भिजलेल्या बोटांना येतात तशा. मी आईला हाक मारली नाही, धावत जाऊन तिचा हात धरून आणले आणि नुसते दाखवले. आईने वाकून बघितले, पदराने नाक पुसले, आणि कुणीतरी तिच्या हातात दिलेला पेढा दोन दिवसांची उपाशी असल्यासारखा एका घासात खाल्ला.

पाय राहिला. घोट्याजवळ खड्डा पडला, पोटरी कायमची जाड झाली, पुढची वर्षे पावसाळ्यात ती जड व्हायची. घरी सोडायच्या आधी परिचारिकेने सांगितले, यांचे पाय रोज कुणीतरी साबणाने धुवायचे, आणि धुण्याहून पुसणे महत्त्वाचे. प्रत्येक बोट वेगळे करून, बेचक्यात ओल राहता कामा नये, चीर दिसली तर त्याच दिवशी डॉक्टर. पुन्हा होते हे, म्हणाली, एकदा झालेल्याला पुन्हा होते. कोण करणार? "हांव करतलें," मी म्हणाले आणि दाखवायला म्हणून तसराळे, साबण आणि टॉवेल घेऊन खाटेशी आले. तेव्हा आते पायरीवरून उठून आत आली. इतक्या दिवसांत ती खाटेपर्यंत पहिल्यांदाच येत होती. तिने माझ्या हातातून तसराळे काढून घेतले. मी सोडत नव्हते. तिने ओढून घेतले. आणि ती जमिनीवर, बाबांच्या पायांशी बसली.

आमच्याकडे थोरली बहीण धाकट्या भावाच्या पायाला हात लावत नाही. भाऊबीजेला भाऊ वाकतो, बहीण नाही. बाबांनी पाय झटकन वर घेतला, दुखला तरी. "अक्का, सोड. म्हाका पाप लागतलें. तूं व्हडली."

"व्हडली म्हणून," आते म्हणाली. "सकयल दवर."

माझा राग तिथे विरघळला असे लिहायला बरे वाटले असते. तो विरघळला नाही. आते जाऊन इतकी वर्षे झाली तरी कधी कधी तो उठतो. पण मी बाजूला झाले. बाबांनी पाय खाली ठेवला. तिने साबणाचा फेस केला, सुजलेला घोटा ओंजळीत घेतला आणि परिचारिका मागून सांगत होती तसतसे धुतले, मग टॉवेलच्या कोरड्या टोकाला पीळ देऊन ते एकेका बेचक्यात घातले, काढले, उजेडाकडे धरून बघितले आणि पुन्हा घातले. बाबा भिंतीकडे तोंड करून रडत होते आणि त्यांचा पाय हलत होता. आते मान वर न करता त्यांना दटावत होती, "गुणा, हालूं नाका. अजून एक बोट उरलां."